परसातील झाड आणि छाटणारा हात

श्रोतेहो, रोहिणी नक्षत्र सरत आले आणि पश्चिमेकडे ढग दिसू लागले की गोव्यात आणि आसपासच्या मुलखात घराघरांतून दोन कामांची घाई सुरू होते. एक कौले शाकारण्याचे आणि दुसरे घरावर ओणवलेल्या फांद्या उतरविण्याचे. कौले शाकारणारा बोलाविताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. त्याने आधी कोणाचे छप्पर शाकारले आणि ते पावसात गळले की नाही, हे विचारून घेतो. फांद्या उतरविण्यासाठी मात्र हातात कोयता असलेला आणि झाडावर चढण्याचे धाडस असलेला कोणीही माणूस आपल्याला चालतो. वास्तविक चौकशीची अधिक गरज या दुसऱ्या कामाला आहे. कौल फुटले तर त्या जागी दुसरे बसविता येते. चुकीच्या जागी तोडलेली फांदी परत बसविता येत नाही, आणि त्या चुकीचा परिणाम दिसू लागावयास कित्येक वर्षे जावी लागतात. तोपर्यंत तोडणारा निघून गेलेला असतो आणि तोडविणाराही ते विसरून गेलेला असतो.

म्हणून परसातील झाडांची निगा कशी राखावी आणि त्या कामासाठी माणूस कसा पारखून घ्यावा, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या साऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती अशी, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही.

वर्गात मुलांना एक प्रश्न विचारला की नेहमी गंमत होते. आंब्याच्या खोडात जमिनीपासून चार फुटांवर एक खिळा ठोकला, तर दहा वर्षांनी तो किती उंचीवर असेल? बहुतेक मुले दहा फूट, पंधरा फूट असे आकडे सांगतात. बरोबर उत्तर चार फूट हेच आहे. झाड उंच होते ते शेंड्यांपाशी. खोड फक्त जाड होते, आणि तेही सालीच्या लगत आत असलेल्या एका पातळ जिवंत थरामुळे. हा थर दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. त्यामुळे तो खिळा वर तर जात नाहीच, उलट हळूहळू लाकडात गाडला जातो. दहा वर्षांनी तो दिसेनासा होईल, परंतु असेल तेथेच.

जखमेचेही तसेच आहे. आपल्या हाताला कापले तर त्या जागी नवी कातडी येते आणि जुन्या, मेलेल्या पेशी गळून जातात. झाडाला ही सोय नाही. तुटलेले लाकूड तुटलेलेच राहते. झाड त्याच्या भोवती, आत आणि बाहेर एक प्रकारच्या भिंती उभारते, कूज पसरू नये म्हणून तो भाग कोंडून टाकते आणि वरून नव्या लाकडाचे पांघरूण घालते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या आतील जखमांचा इतिहास वाचला आणि १९७७ साली हा सिद्धान्त सचित्र पुस्तिकेच्या रूपाने मांडला. कूज कोंडून ठेवण्याची झाडाची ही शक्ती मोठी आहे, पण अमर्याद नाही. प्रत्येक मोठ्या घावासाठी झाडाला आपल्या साठ्यातले अन्न खर्चावे लागते. म्हणून घाव जितके थोडे आणि जितके योग्य जागी, तितके झाड दीर्घायुषी, असा हा साधा हिशेब आहे.

आता योग्य जागा कोणती? कोणत्याही झाडाची फांदी खोडाला मिळते तेथे नीट पाहा. फांदीच्या बुडाशी एक फुगवटा दिसेल, जणू तिच्या गळ्याभोवती पट्टा बांधलेला आहे. कूज अडविणाऱ्या भिंती उभारण्याची तयारी झाडाने याच फुगवट्यात करून ठेवलेली असते. फांदी कापावयाची ती या फुगवट्याच्या किंचित बाहेर, फुगवटा तसाच ठेवून. आपल्याकडे दोन चुका सर्रास होतात. कोणी खोडाशी अगदी सपाट, तासून कापतो. ते दिसावयास सुबक दिसते, पण त्यात फुगवटाच नाहीसा होतो आणि जखम दुप्पट मोठी होते. दुसरा कोणी वीतभर किंवा हातभर खुंट मागे ठेवतो. तो खुंट वाळतो, कुजतो आणि कुजीला खोडात शिरण्याची पायरी बनतो.

जड फांदी एका दमात कापणे हीसुद्धा घोडचूक होय. अर्धी कापली जाताच ती स्वतःच्या भाराने कोसळते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. जाणता माणूस तीन घाव घालतो. पहिला, खोडापासून सुमारे दीड फुटावर, फांदीच्या खालच्या अंगाने, पावभर खोल. दुसरा, त्याच्या थोडा पलीकडे, वरच्या अंगाने आरपार. यामुळे फांदीचा भार निघून जातो आणि साल फाटत नाही. मग उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेर सावकाश करवतीने कापावयाचा. कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने मोठी फांदी तोडली तर लाकूड चिरफाळते. म्हणून मनगटापेक्षा जाड फांदीला करवतच हवी.

पावसाळ्यापूर्वी आणखी एक प्रकार सर्वत्र दिसतो, तो म्हणजे झाडाचे मुंडण. वादळात पडेल या भीतीने झाडाचा सगळा शेंडा आणि साऱ्या फांद्या अर्ध्यावर उडवून टाकतात आणि आता धोका टळला असे समजतात. धोका टळत नाही. फक्त पुढे ढकलला जातो, आणि वाढून परत येतो. पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. ते एकदम बंद झाले की उपाशी झाड घाईघाईने प्रत्येक खुंटातून झुबक्याने नवे धुमारे फोडते. हे धुमारे लाकडाच्या गाभ्यातून निघालेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. पाच-सहा वर्षांत ते जड होतात, खालचा खुंट तोवर कुजलेला असतो, आणि पुढच्या एखाद्या वादळात नेमके तेच धुमारे कोसळतात. शिवाय आजवर सावलीत असलेली साल उन्हात करपते, ती गोष्ट वेगळीच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत गेले तेव्हा शेकडो झाडे पडली, विजेच्या तारा तुटल्या. त्यानंतर भीतीपोटी असे मुंडण करून घेण्याचा मोह अनेकांना झाला. भीती समजण्यासारखी आहे, पण उपाय चुकीचा आहे. वाळलेल्या, चिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. दाट छत्र आतून थोडे विरळ करावे, म्हणजे वारा त्यातून निघून जातो. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा हीच कमाल मर्यादा समजावी. म्हाताऱ्या झाडाचे त्याहूनही कमी काढावे.

कापलेल्या जागेवर डांबर किंवा तैलरंग फासण्याची पद्धत जुनी आहे. तिचा उपयोग होत नाही. लेपाखाली ओल कोंडते आणि कूज अधिक सुखाने वाढते. उघडी ठेवलेली स्वच्छ जखम झाड स्वतः झाकते. आपल्या दमट हवेत आंब्याच्या मोठ्या घावांना मात्र बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करतात. ते डांबरासारखे नुसते झाकण नव्हे, बुरशीनाशक औषध आहे. फ्रान्समधील बोर्डो परगण्यात द्राक्षांवरील रोगासाठी १८८५ च्या सुमारास हे मिश्रण प्रसिद्धीस आले, म्हणून त्याला ते नाव पडले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे पेस्टचे प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावयाचे. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको; आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

श्रोतेहो, छाटणीचा नियम सर्व झाडांना एकच लागू होत नाही, कारण प्रत्येक झाडाची फळ धरण्याची जागा निराळी आहे. पेरूला फळ येते ते नव्या फुटीवर. म्हणून पेरूची हलकी छाटणी केली तर नवी फूट येते आणि फळ वाढते. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, त्याच्या उंच फांद्या वाऱ्याने मोडतात. शेंगा संपल्यावर तो आखूड केला तरी पुन्हा जोमाने फुटतो. आंब्याचे तसे नाही. आंब्याला मोहोर येतो तो पक्व झालेल्या डहाळ्यांच्या टोकांना. ती टोके ऐन हिवाळ्याच्या तोंडावर छाटली की त्या वर्षीचा मोहोर आपणच कापून टाकला असे होते. म्हणून आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावयाची. फणस तर खोडाला आणि जाड फांद्यांनाच लगडतो. तेथे बारीक डहाळ्या छाटून फळ वाढत नाही आणि जाड फांदी तोडली की फळाची जागाच जाते. मानकुराद, हापूस यांची कलमे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहेत. अशा कलमाच्या सांध्याखालून फुटलेला धुमारा मात्र दिसताच काढावा, कारण तो कलमाचा नसून खालच्या रायवळ रोपाचा असतो आणि जोर धरला की वरच्या जातिवंत झाडाला उपाशी ठेवतो.

माडाची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. वर सांगितलेला सालीखालचा वाढता थर माडाला नसतोच. त्याच्या खोडाला पडलेली खाच तो कधीही झाकू शकत नाही. ती शेवटपर्यंत तशीच उघडी राहते. चढण्याच्या सोयीसाठी खोडात पायऱ्या खोदण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्यामुळे सोंड्या भुंग्याला अंडी घालण्यास आयते दार मिळते. माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यावर. तो गेला की माड गेला. गेंड्या भुंगा हा कोंब कुरतडतो. नवे झाप उघडले की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते, ही त्याची खूण. त्या जखमेच्या वासाने मागाहून सोंड्या भुंगा येतो आणि त्याच्या अळ्या माड आतून पोखरतात. कासरगोड येथील केंद्रीय संशोधन संस्थेने सुचविलेला उपाय घरच्या घरी करण्याजोगा आहे. शेंड्यातील सर्वांत आतल्या झापांच्या बेचक्यांत डांबराच्या तीन-चार गोळ्या ठेवून त्यांवर वाळू घालावयाची आणि दीड महिन्याने पुन्हा ठेवावयाच्या. गेंड्या भुंग्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात होते, म्हणून खड्डा वरचेवर उलथून अळ्या वेचून माराव्यात. हिरवी झापे उगाच कापू नयेत. कापावीच लागली तर देठाचा सुमारे चार फूट भाग खोडावर राहू द्यावा, म्हणजे भुंग्याची अळी देठातच अडकते, खोडापर्यंत पोहोचत नाही. आंब्याला खुंट ठेवू नये आणि माडाला ठेवावा, हा फरक ज्या माणसाला ठाऊक नाही, त्याला माडावर चढविण्यापूर्वी विचार करावा.

येथे पाडेल्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दोन-तीन महिन्यांनी माडावर चढणारा पाडेली हा नुसता नारळ उतरविणारा नव्हे. शेंडा साफ करणे, वाळके झाप व पोय काढणे, भोकातील भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढणे ही कामेही तोच करीत आला आहे. माडाचा वैद्य म्हणावयाचा तर तोच. आज या कामाला माणूस मिळत नाही, कारण जोखीम मोठी, मान थोडा, आणि मुलांनी हे काम करू नये असे पाडेल्यालाच वाटते. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना आणि स्त्रियांनाही यंत्राने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. या यंत्रात माडाला दोन पावठण्या तारेने आवळल्या जातात आणि माणूस आळीपाळीने पाय उचलीत चढतो. खोडात खाच पाडावी लागत नाही. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची अपघात विमा योजनाही आहे. आपल्या ओळखीच्या पाडेल्याला ही माहिती देणे आणि विम्याचा हप्ता भरण्यास हातभार लावणे, हे आपण सहज करू शकतो.

झाडाचा आजार पुष्कळदा जमिनीत सुरू होतो आणि वर दिसतो. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात आणि पसाऱ्याच्या घेराबाहेरही पसरतात. म्हणून मोठ्या आंब्याला पाणी व खत बुंध्याशी घालून फारसा लाभ नाही. पसाऱ्याच्या कडेखाली चर काढून घालावे. अंगणात फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसविताना ते बुंध्यापर्यंत भिडविण्याची आता चाल पडली आहे. त्यामुळे मुळांचे पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. दिल्लीतील झाडांविषयी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवतीचा एक मीटर भाग सिमेंटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. आपल्या अंगणापुरता तोच नियम आपण स्वतःहून पाळावा. बांधकामाची माती बुंध्याशी ढिगाने ओतणे, गटारासाठी एका बाजूची सारी मुळे तोडणे, किंवा झाडाखाली पालापाचोळा रोज जाळणे, यांचे फळ दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळू लागल्यावर दिसते. आणि मग आपण कीड शोधीत बसतो.

खरी कीड मात्र आपल्या खुणा ठेवते. आंब्याच्या खोडातून लाकडाचा भुसा पडू लागला की भिरूड लागला असे समजावे. भोकात तार घालून अळी काढावी आणि औषधाचा बोळा घालून ते चिखलाने लिंपावे. फांदीवर निराळ्याच पानांचा झुपका दिसला तर ते बांडगूळ. ते नुसते ओरबाडून जात नाही; त्याला फळ धरण्यापूर्वीच, चिकटलेल्या जागेच्या बऱ्याच खालून फांदीसकट कापावे, नाहीतर पाखरे त्याचे बी आणखी दहा फांद्यांवर नेतात. बुंध्याशी अळंबी उगवणे, खोडाला नवी उभी चीर पडणे, झाड एकाएकी कलणे आणि दुसऱ्या बाजूची माती उचलली जाणे, या खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहू नये. जाणकारास लगेच दाखवावे. नुसती ढोली दिसली म्हणून घाबरू नये. खोडाचा गाभा मुळात मृतच असतो, झाड जगते ते बाहेरच्या थरांवर.

जुने झाड आजारी पडले म्हणून ते गेलेच असे नव्हे, याचे एक उदाहरण हैदराबादकडील श्रोत्यांना परिचित असेल. तेलंगणातील महबूबनगरजवळचा पिल्ललमर्रीचा वड कित्येक शतकांचा मानला जातो. त्याला वाळवी लागून फांद्या कोसळू लागल्या. खोडाला भोके पाडून औषध ओतून पाहिले, तर ते बाहेर वाहून जाऊ लागले. तेव्हा २०१८ साली रुग्णाला सलाइन देतात तशा शेकडो बाटल्या फांद्यांना टांगून पातळ केलेले औषध थेंबथेंब आत सोडण्यात आले. जड फांद्यांना खालून खांबांचा आधार दिला आणि पारंब्या नळ्यांतून जमिनीपर्यंत नेल्या. यातून शिकण्यासारखे हे, की आधी रोग ओळखला, मग उपाय बदलून पाहिला, आणि कुऱ्हाड हातात घेतली नाही.

आता माणूस कसा पारखावा? इंग्लंड-अमेरिकेत झाडांची निगा राखणाऱ्यांच्या परीक्षा असतात, त्यांना प्रमाणपत्रे मिळतात. आपल्याकडे गावोगावी काम करणाऱ्या बहुतेकांपाशी असा कागद नसतो. त्यांचे ज्ञान हातात असते. म्हणून पारख आपल्यालाच करावी लागते. ती अवघड नाही. झाडाखाली उभे राहून त्याला विचारा, "बाबा, यातली कोणती फांदी काढाल, आणि का?" जो वर पाहून, भोवती फिरून, "ही वाळली आहे, ही चिरली आहे, ही राहू द्या" असे सांगतो, तो जाणता. जो वर न पाहताच "सगळे साफ करून टाकू" म्हणतो, त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. दोन वर्षांपूर्वी त्याने छाटलेले एखादे झाड गावात असेल तर जाऊन पाहावे. घावाच्या कडेने साल गोलाकार वळून येत असेल तर हात चांगला आहे. चढताना पायाला खिळे बांधून जिवंत खोडावर चढणारा नको. प्रत्येक पावलाला तो एक जखम करतो. आधी रोगट झाड कापले असेल तर करवत पुसून, औषधाने धुऊन मगच आपल्या झाडाला लावावयास सांगावे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मजुरीची. "पैसे नकोत, लाकूड आम्ही नेऊ," असा सौदा आपल्याकडे फार चालतो आणि घरमालकाला तो स्वस्त वाटतो. पण विचार करा. ज्याला मोबदला लाकडात मिळावयाचा, त्याचा लाभ जास्त तोडण्यात आहे; आणि झाडाचा लाभ कमी तोडण्यात. जाड, निरोगी फांदीलाच भाव येतो. वाळकी, किडकी फांदी काढून त्याच्या पदरात काय पडणार? हा दोष त्या माणसाचा नव्हे, सौद्याचा आहे. म्हणून मजुरी दिवसाच्या हिशेबाने रोख द्यावी, ती पुरेशी द्यावी, आणि लाकडाचे काय करावयाचे ते आपण निराळे ठरवावे. चार फांद्या कमी तोडल्याबद्दल ज्याचा तोटा होत नाही, तोच माणूस आपल्याला खरा सल्ला देऊ शकतो.

झाडाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वर चढलेल्या माणसाचा जीव मोलाचा आहे. पावसात किंवा ओल्या खोडावर कोणाला चढवू नये. कमरेला दोर बांधल्याशिवाय मोठ्या झाडावर काम होऊ देऊ नये. त्याच्यापाशी दोर नसेल तर तो आपण आणून द्यावा. खाली एक माणूस केवळ लक्ष ठेवण्यास असावा आणि मुलांना अंगणातून दूर ठेवावे. झाडालगत विजेची तार असेल तर वीज कार्यालयाला कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री केल्यावाचून कामास हात लावू देऊ नये. ओली फांदी वीज वाहून नेते आणि लोखंडी आकडी तर नेतेच नेते. "आम्ही नेहमीच असे करतो," हे उत्तर ऐकून स्वस्थ बसू नये. आपल्या कामासाठी वर गेलेला माणूस सुखरूप खाली उतरेपर्यंत त्याची जबाबदारी आपली आहे.

कायद्याचीही जाणीव असावी. झाड आपल्या परसात असले तरी ते तोडण्याची मुभा आपल्याला असतेच असे नाही. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, बेळगावकडे कर्नाटकाचा १९७६ चा, इंदूर-ग्वाल्हेरच्या नगरहद्दीत मध्य प्रदेशाचा २००१ चा आणि महाराष्ट्रातील शहरांत १९७५ चा. यांत झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. कोणत्या झाडांना सूट आहे हे ठिकठिकाणी वेगळे असते आणि बदलतही असते. गोव्यात २०१६ साली माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यावर मोठा वाद झाला, आणि पुढे माडाला पुन्हा संरक्षण देण्यात आले. म्हणून शेजाऱ्याने पूर्वी काय केले यावर विसंबू नये. गोव्यात वनखात्याच्या आणि अन्यत्र तेथील वृक्ष अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी विचारावे, आणि मोठी फांदी काढावयाची असली तरी विचारावे.

शेवटी, झाड तोडण्याविषयी. काही झाडे तोडावी लागतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा जो दाखला आहे, तो अशा वेळी आठवावा. तीन वर्षे फळ नाही म्हणून धनी ते झाड तोडावयास सांगतो, आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. तो नुसती मुदत मागत नाही. भोवती खणीन आणि खत घालीन, असे कामही अंगावर घेतो. धन्याला झाड तीन वर्षे फक्त दिसत होते, माळ्याला त्याची मुळे ठाऊक होती. आपल्याला हवा तो असा माणूस.

तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी कोयतेवाल्याला हाक मारण्याआधी एकदा आपण स्वतः झाडाभोवती फिरावे. बुंध्याशी सिमेंट आहे का, भुसा पडतो आहे का, वाळकी फांदी कोणती, हे पाहून ठेवावे. मग जाणत्याला बोलवावे, त्याला विचारावे, त्याचे ऐकावे, आणि त्याच्या कसबाची मजुरी रोख द्यावी. आपल्या आजोबांनी लावलेल्या आंब्याची सावली आपल्याला मिळाली. ती नातवंडांना मिळावी की मिळू नये, हे पुष्कळदा एका दुपारच्या छाटणीवर ठरते.